ही बसली की वाजत नाही

रविवारी सकाळी अकरा वाजता इलेक्ट्रिशियन येऊन बाबांच्या गाडीतली सबवूफरची पेटी काढून नेणार आहे, असं दादाने मला सोमवारी सांगितलं. आईच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या चहा पिताना सांगितलं. आई गॅसकडे तोंड करून उभी होती, म्हणजे यातलं काहीच तिच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं.

टेबलावर बिल्डिंगच्या कमिटीचं पत्र होतं. आमच्या वाहनातून रोज संध्याकाळी होणाऱ्या खडखडाटाने रहिवाशांच्या स्वास्थ्याचा भंग होतो, तो येत्या रविवारपर्यंत कायमचा बंद व्हावा. खाली सेक्रेटरींची सही. मी प्रुफं तपासते. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर माझं पोट चाललंय. त्या पत्रात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. पण त्या दाखवून काही होणार नव्हतं.

"आईला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? रोज पार्किंगमध्ये गाडीत एकटी बसलेली असते. बाजूची सीट रिकामी. लोक गॅलरीतून बघतात. मला कसं वाटत असेल?"

"तुला कसं वाटतं म्हणून तिचं गाणं काढायचं?"

"मी नाही, कमिटी म्हणतेय. आणि सेक्रेटरी तसे समजूतदार आहेत. गाण्याचा ठोका चालेल म्हणाले. लिफ्टचा ठोका येतो, पाण्याच्या पंपाचा येतो, तसा हा. पण ती खडखड... डोकं उठतं म्हणाले."

"मग खडखड थांबवू."

"कोण थांबवणार? बाबा?"

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते लागलं. त्याने कप विसळायला घेतला.

"मी थांबवते," मी म्हटलं.

"तू? अगं, तू स्वल्पविराम लाव. स्क्रू लावणं तुझं काम नाही."

"रविवारपर्यंत दे मला."

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आहे आणि माझ्या हट्टाला कंटाळण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलंय. "ठीक आहे," तो म्हणाला. "पण एकसुद्धा आवाज आला ना, अगदी चट् एवढासुद्धा, तर पेटी निघणार. मग रडारड नको."

"आणि नाही आला तर?"

"तर मी स्वतः सेक्रेटरींना सांगेन, पेटी राहणार म्हणून."

आईने वळून आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहिलं. "काय झालं?" तिने विचारलं. आम्ही दोघंही म्हणालो, "काही नाही."

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एकतीस वर्षं तिने लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले, आणि नंतर तिचेच कान वरच्या टोकाकडून रिकामे होत गेले. आधी दारावरची बेल गेली, मग किटलीची शिट्टी, मग लहान मुलं, मग बायका. माझा आवाज तिला सात वर्षांपासून येत नाही; माझे ओठ येतात. दादाचा आवाज अर्धामुर्धा येतो. बाबांचा मात्र शेवटपर्यंत आला, कारण तो जाड होता, पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. कानात घालायचं यंत्र आम्ही आणलं होतं. "पातेली आपटल्यासारखं ऐकू येतं," म्हणून तिने ते बटणांच्या डब्यात टाकलं.

बाबा बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात फिटर होते. आतलं सगळं काम त्यांचं: छत, भिंती, खिडक्यांच्या चौकटी. लोकांच्या बसमध्ये हॉर्न सोडून सगळं वाजतं, आमच्या बसमध्ये फक्त हॉर्न वाजतो, असं ते कोणालाही, न विचारता सांगायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या जुन्या गाडीच्या डिकीत शिवणयंत्राएवढी एक पेटी बसवली. खालचे, जाड आवाज तेवढे काढणारा सबवूफर. या वयात गल्लीतल्या टवाळ पोरांसारखं दणदणत फिरायचं, याची दादाला लाज वाटली. मलाही वाटली होती.

मग एकदा मी अचानक आले, तेव्हा दोघं घरात नव्हती. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात गाडी उभी दिसली. काचा खाली, बाबा स्टिअरिंगवर, आई शेजारी, दोघं समोर बघत बसलेली. आईने डॅशबोर्डवर हात सपाट ठेवला होता आणि ती मान हलवत होती, तालात. बाहेर गाडीचा पत्रा न् पत्रा खडखडत होता, पण ती खडखड तिच्या कानांच्या वरून जात होती. तिला फक्त गाणं येत होतं.

बाबा गेले त्याला अडीच महिने झाले. मैदान सुटलं, कारण आई गाडी चालवत नाही, मी परगावी आणि दादाची नोकरी पाळ्यांची. पण किल्ली अर्धी फिरवली की गाणं लागतं, एवढं तिला माहीत होतं. म्हणून रोज पाचला ती पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसते आणि साडेपाचला वर येते. दिवसभरात तिच्या कानांत जाणारा तेवढाच आवाज उरला होता.

मंगळवारी सकाळी मी खाली जाऊन गाडी उघडली. पुढच्या कप्प्यात गाडीचे कागद होते, चष्म्याचं घर होतं आणि एक छोटी वही होती. चष्म्याचं घर रिकामं होतं. चष्मा हॉस्पिटलमधून आणायचा आमच्याकडून राहून गेला. वहीत बाबांच्या सरळ, कारखानी अक्षरात नऊ ओळी होत्या.

"३४: खुळखुळ. मागची नंबरप्लेट." "४१: दणदण. डिकीचं दार, उजवं रबर." "४७: टरटर. मागचा डावा दरवाजा, आतली सळई." असं एकेक. कुठल्याच ओळीपुढे बरोबरची खूण नव्हती. यादी करून झाली आणि दुखणं वाढलं, असं असणार. शेवटची ओळ होती: "५२: चटचट. ही बसली की वाजत नाही." बाकी आठांना जागा लिहिलेली होती, या एकीला नव्हती.

वही घेऊन मी टाचणीकाकांकडे गेले. ते गाड्यांची सीट कव्हरं शिवतात. बाबांचे चाळीस वर्षांचे मित्र. तोंडात कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या, म्हणून गावभर तेच नाव.

"तुझे बाबा यायचे फेल्ट न्यायला," ते टाचण्यांच्या मधून म्हणाले, "आणि माझ्या मशिनचा आवाज ऐकून तिचा कुठला स्क्रू ढिला आहे ते सांगत तासभर बसायचे. गिऱ्हाईक चांगलं, पण उठायचं नाव नाही."

"हे आकडे कसले, काका?"

"सुराचे. खर्जातला एक सूर लावायचा फोनवरून, आणि हळूहळू वर न्यायचा. एकेक आकडा. गाडीतला प्रत्येक तुकडा आपला आकडा आला की नाचायला लागतो. लग्नात आपलं गाणं लागलं की एकेक जण उठतो ना, तसं. मग तळवा ठेवत फिरायचं. जिथे ठेवल्यावर आवाज थांबेल, तो चोर."

"दाबायचं?"

"दाबायचं नाही! दाबलं की सगळंच गप्प बसतं, मग खरं काय कळणार? तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा ठेवायचा."

शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "ही म्हणजे पट्टी. दोन दरवाजांच्या मध्ये खांब असतो, त्याच्यावरचं प्लास्टिक. क्लिपा म्हाताऱ्या झाल्या की नीट बसत नाही. ही बसली की वाजत नाही. बरोबर लिहिलंय." त्यांनी मला फेल्टचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, एक तागा, फोमच्या पट्ट्या, चिकट रबरी शीट आणि मूठभर नव्या क्लिपा दिल्या. पैशांचं विचारलं तर टाचण्या बाहेर काढून म्हणाले, "जा आता. नाहीतर तुझ्या बाबांवाचून कसं चाललंय ते मला खरं सांगावं लागेल."

आईला मी कागदावर लिहून दिलं: गाडी उघडी आहे, रविवारपर्यंत खाली येऊ नकोस. कशासाठी तेही लिहिलं. तिने ते दोनदा वाचलं. "काढणार होते?" तिने विचारलं. मी मान हलवली. माझा कागद चारदा घडी घालून तिने पदराच्या टोकात खोचला.

नंबरप्लेट सोपी होती. चार स्क्रू, मागे फोमची पट्टी, रबरी चकत्या. चौतीसचा सूर लावला, खुळखुळ नाही. मी वहीत पहिल्या ओळीपुढे खूण केली. त्या पानावर आता दोन माणसांचं अक्षर झालं होतं.

डिकीच्या दाराखाली दोन रबरी गोटे असतात. ते फिरवून थोडे वर घेतले की दार घट्ट टेकतं. हे समजायला मला अख्खी दुपार लागली. बुधवारी दरवाजाचं आतलं पॅनल काढताना दोन क्लिपा तुटल्या आणि एक नख. आत बघितलं तर कुलपाची सळई पत्र्याला टेकून होती. तिला फोम गुंडाळला, पत्र्यावर रबरी शीट चिकटवली, पॅनल परत बसवलं. टरटर गेली. गुरुवारी मागच्या काचेजवळच्या फळीच्या खाली फेल्ट, छताच्या दिव्याभोवती फेल्ट. एकेक आवाज गेला की पुढचा ऐकू यायचा. तोवर तो मोठ्यांच्या मागे लपलेला असायचा.

सेक्रेटरी येताजाता थांबत. नीटनेटका, घडी न मोडलेला माणूस.

"काय, गाडीवर पीएचडी चाललीय का?"

"हो. प्रबंध रविवारी सादर करते."

"वहिनींना त्रास व्हावा अशी आमची इच्छा नाही हो. नियम सगळ्यांना सारखे, इतकंच."

"पत्रात 'स्वास्थ्य' चुकलंय," मी म्हटलं. राहवलं नाही.

शनिवारी दुपारपर्यंत आठ खुणा झाल्या. उरली बावन्नची चटचट. सूर पन्नासच्या पुढे गेला की सुरू व्हायची. नखाने काचेवर टिचकी मारत राहावं तशी: चट चट चट, बारीक आणि निर्लज्ज. मी पुढच्या डाव्या सीटमागच्या खांबावर तळवा ठेवला, थांबली. उचलला, परत सुरू. म्हणजे काकांचं खरं होतं. पट्टी काढली, नव्या क्लिपा लावल्या, ठोकून बसवली. चट चट चट. परत काढली, मागे फेल्ट लावलं, बसवली. तळवा ठेवला की गप्प, उचलला की चालू. तिसऱ्यांदा काढली, पुसली, परत बसवली. ही बसली की वाजत नाही. मी बसवत होते. ती बसत होती, बोट सरकवायला फट नव्हती. तरी वाजत होती.

चार वाजता दादाचा फोन आला. "झालं?"

"होतंय."

"आवाज येतोय अजून, सेक्रेटरी म्हणाले."

मी फोन ठेवला. उद्या अकरा वाजता हाच आवाज त्याला ऐकू येणार होता, आणि त्याने दिलेला शब्द तो पाळणार होता. दादाचा तोच गुण आहे.

पाचला आई खाली आली. मी दोन्ही हातांनी नको-नको केलं. "पाच दिवस झाले," ती म्हणाली. तिला आपल्या आवाजाचा अंदाज येत नाही, त्यामुळे पार्किंगभर ऐकू गेलं. "मला काय वाजतंय त्याच्याशी काही घेणंदेणं नाही. मला बसायचंय." तिने दार उघडलं, सीटवरची हत्यारं उचलून माझ्या हातात दिली, आत बसली, सीटबेल्ट ओढून लावला. उभ्या गाडीतही ती बेल्ट लावते. बाबांनी लावलेली शिस्त. मग डॅशबोर्डवर हात ठेवून समोर बघायला लागली.

सूर बंद पडला असं मला वाटलं. फोन बघितला. बावन्न चालू होता. पेटी घुमत होती, माझ्या पोटरीत तो सूर जाणवत होता. चटचट मात्र नव्हती.

मी वाकून तिचा बेल्ट सोडला. तो सरसर मागे गेला, खांबापाशी लोंबकळला, आणि त्याच्या टोकाची लोखंडी जीभ प्लास्टिकवर आपटायला लागली. चट चट चट. बेल्ट लावला. गप्प. सोडला. चट चट. मी तळवा ठेवत होते तो खांबावर नव्हे, खांबावर लोंबणाऱ्या बेल्टवर पडत होता.

"काय खेळ लावलायस?" आई म्हणाली.

मी वही काढून तिच्यासमोर धरली. तिने ती हातभर लांब नेऊन वाचली. "'चटचट. ही बसली की वाजत नाही.' मग बरोबर आहे की."

"आम्हाला वाटलं, ही म्हणजे पट्टी," मी सावकाश ओठ हलवत म्हटलं.

"कोण?"

"पट्टी!"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. अडीच महिन्यांनी. "अगं ए शहाणे, ही म्हणजे मी! त्यांनी मला कधी नावाने हाक मारली का? हिला विचार, हिला सांग, ही आली का. जन्मभर मी 'ही'च. आणि तू म्हणे पुस्तकं तपासतेस!"

"टाचणीकाकांनीसुद्धा पट्टीच वाचलं."

"त्याला काय कळणार? त्याला कुठे आहे ही!"

मीही हसले. पण त्या ओळीत मला आता आणखी एक गोष्ट दिसत होती, ती मी तिला सांगितली नाही. बाबांनी तो आवाज दोन्ही प्रकारे तपासला होता. ती गाडीत असताना, आणि ती नसताना. दुखणं कळल्यानंतर केव्हातरी ते तिच्या रिकाम्या सीटशेजारी एकटे बसले असणार, आणि त्यांच्या लक्षात आलं असणार की गाडीत नवीन काहीतरी वाजतंय.

उपाय दोन बोटांचा होता. बेल्टच्या जिभेवर फेल्टचा तुकडा चिकटवला की संपलं. मी कात्रीने तुकडा कापला, मागचा कागद सोलला. आईने माझं मनगट धरलं.

"हे कशाला?"

"तू नसताना वाजेल."

"वाजू दे की मग." तिने तो तुकडा माझ्या बोटावरून काढून घेतला. "मी उठले की कोणीतरी बोंबललं पाहिजे. सगळीकडे इतकं गुपचूप चाललंय. ते गेले तेव्हा एक दार वाजलं नाही."

"आई, उद्या दादा ऐकेल. सेक्रेटरी ऐकतील. पेटी जाईल."

"उद्या मी उठणारच नाही," ती म्हणाली.

मी वहीतल्या नवव्या ओळीपुढे खूण केली. चूक दिसत असून तशीच छापायला जाऊ देण्याची माझी ही पहिलीच वेळ.

रविवारी पावणेअकराला आई गाडीत जाऊन बसली. बेल्ट लावला, पर्स मांडीवर, जणू लांबच्या प्रवासाला निघालीय. अकराला दादा आला, मागोमाग इलेक्ट्रिशियन पेचकसांची पिशवी घेऊन, मग सेक्रेटरी इस्त्रीच्या शर्टात. दोन-तीन गॅलऱ्यांत माणसं उभी राहिली.

"लाव," दादा मला म्हणाला.

"एक मिनिट," सेक्रेटरी म्हणाले. "बाहेरून काय कळणार? मी आत बसून ऐकतो. वहिनी, जरा तुम्ही उतरलात तर..."

ते पुढे बसले असते तर बेल्ट लावण्यातले नव्हते. उभ्या गाडीत कोण लावतं?

आईने त्यांच्या ओठांकडे नीट बघितलं. "ही जागा माझी आहे," ती म्हणाली, सगळ्या गॅलऱ्यांना ऐकू जाईल अशी. "तुम्ही मागे बसा."

"नाही, म्हणजे, फक्त दोन मिनिटं..."

"मागे खूप जागा आहे. बारीक तर आहात."

वरून कोणीतरी हसलं. सेक्रेटरी मागे बसले. दादाने माझ्याकडे बघितलं. त्याला काहीतरी शंका आली होती. मी ड्रायव्हरच्या बाजूने हात घालून किल्ली अर्धी फिरवली.

बाबांनी भरून ठेवलेलं पहिलंच वादन होतं, जाड तारांचं, संथ, मध्येच खोलवर ढोल पडायचा. सबवूफर घुमला. नंबरप्लेट गप्प, डिकी गप्प, दरवाजे गप्प. सीट थरथरत होती, आरशातली प्रतिमा थरथरत होती, पण वाजत काही नव्हतं. सेक्रेटरींनी छताला कान लावला. दरवाजाला लावला. मागच्या फळीवर बोटं फिरवली. दादा गाडीभोवती एक अख्खी फेरी मारून आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला.

"च्यायला," तो हळूच म्हणाला. "बाबांची बस."

तेवढ्यात ढोल पडला आणि कुठूनतरी खणखणाट झाला. पत्र्याचा.

"हा बघा! हा, हाच तो!" सेक्रेटरी मागच्या सीटवरून ओरडले.

मी डोळे मिटून ऐकलं. गाडीतला नव्हता. मी हात पुढे करून चालत गेले. पार्किंगच्या भिंतीवर मीटरची मोठी लोखंडी पेटी आहे, तिच्या दारावर तळवा ठेवला. खणखण थांबली. उचलला, सुरू झाली. पुन्हा ठेवला.

"साहेब, हे आमचं नाही."

"पण वाजतंय ते तुमच्या गाडीमुळेच ना!"

"गाडीमुळे वाजत असेल. ढिलं मात्र तुमचं आहे."

"ती कमिटीची पेटी आहे!"

"मग कमिटीला आवरा की, साहेब," दादा म्हणाला. तो हे बोलेल असं मला वाटलं नव्हतं. त्यालाही वाटलं नसावं. "एवढा आठवडा माझी बहीण गाडीखाली झोपलीय. तुमच्या दाराला एक बिजागरी बसवायला काय जातं?"

इलेक्ट्रिशियनने पिशवी खांद्यावरून उतरवली. "मी आलोच आहे, तर काहीतरी काढू द्या नाहीतर लावू द्या. रविवार वाया गेला माझा."

"लाव," दादा म्हणाला. इलेक्ट्रिशियन मीटरच्या पेटीकडे गेला आणि दार उघडून बघायला लागला.

सेक्रेटरी खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "ठीक आहे. खडखड नाही, मी मान्य करतो. पण मला लेखी पाहिजे. यापुढे या वाहनातून कधीही, कोणत्याही परिस्थितीत आवाज येणार नाही, असं लिहून द्या."

"नाही देणार."

"का? तुमचा तर लिहिण्याचाच धंदा."

"म्हणूनच. लिहिलेलं लोक चुकीचं वाचतात."

"मग मी कमिटीपुढे काय ठेवू?"

"तुम्ही स्वतः ऐकलंत. ते ठेवा. आई इथे रोज पाचला बसणार, साडेपाचला उठणार. पेटी निघणार नाही. आज नाही, पुढच्या पत्रानंतर नाही."

मी हे एका दमात बोलले, गॅलऱ्यांकडे न बघता. दादाने नाही म्हटलं नाही. सेक्रेटरींनी शर्टाची बाही सरळ केली, उतरण्यासाठी दाराच्या कडीला हात घातला आणि दार अर्धं उघडलं. बाहेरचा उजेड आत आला तसं आईने आरशात बघितलं.

"कुठे निघालात?" ती म्हणाली. "गाणं संपलं नाही अजून."

"वहिनी, मला जरा कामं..."

"अर्ध्यात उठायचं नसतं. दार लावा. थंड हवा जाते."

गाडीत थंड हवा वगैरे काही नव्हती. काचा खालीच होत्या. सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं, वर गॅलरीत उभ्या असलेल्या स्वतःच्या बायकोकडे बघितलं. आईने हात पुढे करून आवाज दोन घरं वाढवला.

सेक्रेटरींनी दार लावून घेतलं आणि ते बसले.